उंच टॉवरमधलं घर: पायापासून ताब्यापर्यंतची साडेपाच वर्षं

कळव्याहून ठाण्याकडे निघालेली धीमी लोकल खाडीपुलावर आली की उजव्या हाताला बाळकुमच्या बाजूचे टॉवर दिसतात. त्यांतल्या एका ४६ मजली इमारतीत एकतिसाव्या मजल्यावर आता आमचं घर आहे. पण त्याआधी साडेपाच वर्षं रोज सकाळी ८ वाजून काही मिनिटांनी मी त्या दिशेला मान वळवून बघत आले. आधी नुसता पत्र्याचा कुंपणपट्टा, मग एक पिवळी क्रेन, मग सळया, मग मजल्यावर मजला. बांधकाम चालू असलेल्या उंच इमारतीत घर घेणाऱ्या तीन-चार मैत्रिणींनी मला गेल्या महिन्याभरात तेच प्रश्न विचारले, म्हणून सगळं तारखांसकट लिहून काढते आहे. तारखा मला पाठ नाहीत. त्या बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वहीत आहेत. बाबा कळव्याच्या कारशेडमधून निवृत्त झाले. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, असं मानणारा माणूस.

बुकिंग आम्ही ८ ऑक्टोबर २०१९ला, दसऱ्याला केलं. किंमत ८२ लाख, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, ४८२ चौरस फूट. तेव्हा साइटवर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. खाडीकाठची गाळाची जमीन, त्यामुळे खाली कठीण खडक लागेपर्यंत पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, उतरवायचं काम चालू होतं. सॅम्पल फ्लॅट सुंदर होता, पण बाबा तिथे पाचच मिनिटं थांबले. खाली येऊन त्यांनी विक्री कचेरीतल्या मुलाला महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचारला. ठाणे जिल्ह्यातल्या या क्रमांकांची सुरुवात तेव्हा पी५१७ अशी असायची. घरी आल्यावर मुलीने संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला आणि आमच्यासमोर प्रकल्पाचं सगळं पानच उघडलं: मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीचा वकिलाचा अहवाल, किती फ्लॅट विकले गेले, प्रकल्पावर कर्ज आहे का, आणि पूर्ण करण्याची तारीख, ३१ डिसेंबर २०२३. विक्री कचेरीत आम्हाला ‘२०२२च्या दिवाळीत’ सांगितलं होतं. हिशेबात धरायची ती महारेरावरचीच तारीख, हे त्याच रात्री ठरलं. भाडं, मुलीची शाळा, कर्ज, सगळ्याचं गणित आम्ही २०२३ अखेरचं धरून मांडलं. तेही पुढे पुरलं नाही, पण २०२२ धरलं असतं तर आम्ही नक्कीच कोलमडलो असतो.

करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, असं रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं. आम्ही ८ लाख २० हजार भरून थांबलो आणि १२ डिसेंबरला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. त्या दिवसाचा खर्च: मुद्रांक शुल्क त्या वेळच्या दराने ६ टक्के म्हणजे ४ लाख ९२ हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि कागद हाताळणीचे पानामागे २० रुपये. आमचा करार १४० पानांचा, म्हणजे २,८०० रुपये. सर्व्हर बंद पडल्यामुळे सकाळी अकराला गेलेलो आम्ही साडेपाचला बाहेर पडलो. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत हातात आल्यावर नाव, मजला, क्षेत्रफळ तिथेच तपासा. आमच्या मसुद्यात मजला २१ पडला होता. ३१ करून घेण्यात अर्धा तास गेला, पण नंतर दुरुस्तीपत्र करायला लागलं असतं तर सगळ्यांना पुन्हा एकत्र आणावं लागलं असतं.

या सगळ्यांशिवाय प्रत्येक हप्त्यावर ५ टक्के जीएसटी, एकूण ४ लाख १० हजार. आणि ५० लाखांपुढचं घर म्हणून प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस आपण कापून सरकारजमा करायचा, तेव्हाचा फॉर्म २६क्यूबी भरून, तोही ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत. एकदा आमचा हा फॉर्म चुकला. उशीर फी दिवसाला २०० रुपये. तेव्हापासून बाबांच्या वहीत त्यासाठी एक वेगळा रकाना आला.

करारातल्या हप्त्यांच्या वेळापत्रकावर मी थोडं थांबते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. आमचा करार महारेराच्या नमुन्याप्रमाणे होता. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोता पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, मग भिंती-प्लास्टर-फरशा-दारंखिडक्या, नळ आणि जिने, बाहेरचं प्लास्टर, लिफ्ट आणि पंप असं करत ९५, आणि उरलेले ५ टक्के ताब्याला. जोत्यापासून शेवटच्या स्लॅबपर्यंतचे २५ टक्के आमच्याकडे ५० स्लॅबांत वाटले होते, दर पाच स्लॅबांना अडीच टक्के, म्हणजे २ लाख ५ हजार. म्हणजे कुठला स्लॅब झाला हे कळणं हा आमच्यासाठी सरळ पैशांचा प्रश्न होता.

जोत्याची मागणी फेब्रुवारी २०२० मध्ये आली. बँकेने आपला माणूस पाठवून पाहणी केली आणि पैसे दिले. तोवर आमचे स्वतःचे २० लाख जवळपास संपले होते, कर्जाचे साधारण १७ लाख उचलले गेले होते. आणि २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली.

ते महिने फार वाईट गेले. साइटवरचे बहुतेक कामगार झारखंड आणि बंगालचे. सुरुवातीला ते तिथेच पत्र्यांच्या खोल्यांत अडकले, मग मिळेल त्या वाटेने घराकडे निघाले. आम्ही आमच्या घराच्या काळजीत, पण ते बांधणाऱ्यांचे हाल टीव्हीवर दिसत होते आणि जेवताना घास उतरत नव्हता. लोकल बंद, त्यामुळे खाडीपूलही नाही. बाबा आम्ही तेव्हा राहायचो त्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन क्रेनचं टोक बघून यायचे. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते धावत खाली आले. ‘अगं, क्रेनचं तोंड फिरलंय, काम चालू झालं!’ सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नंतर कधीतरी साइटवरच्या इंजिनिअरने समजावलं की क्रेन वापरात नसते तेव्हा तिचा आडवा हात मुद्दाम मोकळा सोडतात. वाऱ्याबरोबर तो आपोआप वळतो, म्हणून वाऱ्याचा जोर क्रेनवर येत नाही. वहीत त्या दिवशीची ‘काम सुरू’ ही नोंद खोडलेली आहे आणि शेजारी ‘वारा’ असं लिहिलंय.

मे २०२० मध्ये महारेराने चालू प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले, आणि दुसऱ्या लाटेनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी सहा महिने. आमची तारीख ३१ डिसेंबर २०२४वर गेली. त्यातच सप्टेंबर २०२०पासून मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी झालं. आम्ही नऊ महिने आधी पूर्ण दराने भरलेलं होतं. त्या रात्री नवरा बराच वेळ काही बोलला नाही. यावर करण्यासारखं काहीच नसतं. भरलेलं परत मिळत नाही.

काम पुन्हा उभं राहिलं ऑक्टोबरमध्ये. आधी पोडियमचे, म्हणजे राहायच्या मजल्यांखालच्या भागाचे, चार स्लॅब, मग फेब्रुवारी २०२१पासून राहायचे मजले. पहिले काही मजले वीस-वीस दिवसांचे. मग मुकादमाची टोळी बसली आणि वेग आला. आमची इमारत मायवान पद्धतीची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने भरायचे. एक मजला सुटला की साच्याच्या प्लेटा स्लॅबमध्ये ठेवलेल्या भोकांतून हातोहात वरच्या मजल्यावर देतात. रस्त्याच्या पलीकडून हे दिसायचं: खालून एक प्लेट वर सरकते, वरून दोन हात ती घेतात. मुलगी आणि मी एका रविवारी तासभर ते बघत उभ्या होतो.

या पद्धतीत एक गोष्ट आधी ठाऊक असायला हवी. भिंती काँक्रीटच्या असतात, त्यामुळे विजेचे पाइप आणि बॉक्स भरण्याआधीच आत बसतात. नंतर भिंत फोडून नवा पॉइंट काढता येत नाही आणि काढूही नये. तुमचा मजला यायला तीन-चार मजले बाकी असतानाच लेखी मागणी द्या. आम्ही तीन पॉइंट मागितले, एक मिळाला: बाबांच्या पलंगाशेजारचा. स्वयंपाकघरातले दोन नाही मिळाले. आता तिथे भिंतीवरून पट्टी नेली आहे.

४ फेब्रुवारी २०२२ला मागणीपत्र आलं: २५ वा स्लॅब पूर्ण, २ लाख ५ हजार अधिक जीएसटी, १५ दिवसांत, उशीर झाल्यास व्याज. बाबांनी वही काढली. त्यांच्या मोजणीत १९ झाले होते. सहाचा फरक! नवरा तिथल्या तिथे फोन लावायला निघाला. मीही चिडले होते. पण फोन कुणाला करायचा आणि काय बोलायचं हे ठरेना, म्हणून मी करारातलं वेळापत्रक पुन्हा वाचलं. त्यात स्लॅब ‘पोडियमसह’ असं स्पष्ट लिहिलं होतं. बाबांनी पोडियमचे चार स्लॅब धरलेच नव्हते. म्हणजे १९ अधिक ४, तेवीस. तरीही दोन कमी.

मग आम्ही ईमेल लिहिला, साधा, चार ओळींचा. करारातल्या कलमाचा क्रमांक, आमच्या मोजणीप्रमाणे २३ स्लॅब झाल्याचं, आणि २५ वा स्लॅब पूर्ण झाल्याच्या आर्किटेक्टच्या दाखल्याची प्रत मिळावी, एवढंच. कामाचं टप्प्यानुसार वेळापत्रक जाणून घेणं हा रेरा कायद्याच्या कलम १९प्रमाणे घर घेणाऱ्याचा हक्क आहे, हेही एका वाक्यात. नऊ दिवसांनी उत्तर आलं: पत्र आधी निघालं होतं, मुदत स्लॅब झाल्यानंतरची धरावी. तो स्लॅब २ मार्चला झाला. मी ईमेलच्या आधी फोन करून ‘सहा स्लॅब खोटे दाखवलेत’ म्हटलं असतं तर पोडियमचं कारण सांगून त्यांनी आम्हाला तिथेच गप्प केलं असतं, आणि उरलेल्या दोन स्लॅबांचं कुणी ऐकलंही नसतं. म्हणून मोजायला लागायच्या आधी आपल्या करारात मोजणी कुठून सुरू होते ते बघा. पोडियम धरलेत का, तळमजला धरलाय का, मधला आश्रयमजला धरलाय का. आमच्या इमारतीच्या दर्शनी बाजूला दर सात मजल्यांनी आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा आहे. लांबून मोजताना तीच खूण बाबांना उपयोगी पडायची. अंधारात मोजणी चुकली की ते तिथून पुन्हा सुरू करायचे.

महारेराच्या पानावर दर तिमाहीला प्रगतीची माहिती भरावी लागते. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले असतात. घर घेणाऱ्यांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि त्या दाखल्यांच्या आधारेच काढता येतात. मी दर तिमाहीला ती पीडीएफ उतरवून ठेवायचे. वाचायला कोरड्या, पण वही आणि त्या शेजारी ठेवल्या की खरं चित्र कळतं. २०२३च्या मधल्या तिमाहीत त्यात लिफ्टचं काम जिथल्या तिथे होतं, आणि आम्हालाही वाटत होतं की बाहेरून काही हलत नाही.

शेवटचा स्लॅब संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात झाला, जानेवारी २०२३. वर लाल दिवे लागले, विमानांसाठीचे. सासूबाईंनी तिळगूळ करून वॉचमनकाकांकडे आणि टोळीतल्या मुलांसाठी पाठवला. मला वाटलं, आता झालंच. इथे माझा सगळ्यांत मोठा गैरसमज होता. सांगाडा उभा राहिला म्हणजे साधारण निम्मा वेळ गेलेला असतो. आत प्लंबिंग, खिडक्या, फरशा, बाहेरचं रंगकाम, लिफ्ट, आगीच्या पाण्याच्या टाक्या आणि पाइप. यातलं बहुतेक काही रस्त्यावरून दिसत नाही. दोन वर्षं टॉवर बाहेरून जवळपास तसाच होता.

आणि याच काळात व्याज चढलं. आमचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं. मे २०२२च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहावर गेला. आमचा दर ७वरून साडेनऊ. टाळेबंदीत महिन्याला दहा हजारांच्या आत असलेलं नुसतं व्याज आता साडेएकोणतीस हजारांच्या घरात. मुद्दलाचा एक रुपया कमी होत नाही, वर राहत्या घराचं भाडं १३ हजार. तो काळ आम्ही काढला तो माझ्या भिशीवर आणि नवऱ्याच्या रविवारच्या जास्तीच्या कामावर. घर घेताना व्याज दोन-अडीच टक्के वाढलं तर काय, हे गणित एकदा मांडून बघा. आम्ही मांडलं नव्हतं.

घर आतून पहिल्यांदा पाहिलं २० ऑगस्ट २०२३ला. आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागली. हेल्मेट, बंद बूट, सहीचं रजिस्टर. इमारतीच्या बाहेरून जाणाऱ्या जाळीच्या हॉइस्टमधून, म्हणजे बांधकामाच्या लिफ्टमधून, वर. बाबांचे गुडघे आणि सासूबाईंची भीती यामुळे ते खाली थांबले. एकतिसाव्या मजल्यावर दार नव्हतं, नुसती चौकट. वारा एवढा की मला भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं. खिडकीच्या भोकातून खाडी दिसली, पूल दिसला, आणि त्यावरून जाणारी लोकल, काडेपेटीएवढी. मी रोज जिथून बघत होते ती जागा. मला रडू आलं, आणि बरोबर आलेल्या इंजिनिअरने काही न बोलता तोंड दुसरीकडे वळवलं. फार चांगला मुलगा होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पंचविसाव्या मजल्यापर्यंत वापर परवाना मिळाला. भागशः परवाना मिळतो हे आम्हाला माहीत नव्हतं. खालचे शेजारी सामान हलवू लागले आणि आम्ही तसेच. कुणी ‘ओसी आली’ म्हणालं की किती मजल्यांपर्यंत आली ते विचारा आणि महापालिकेचा कागद स्वतः पाहा. परवान्याशिवाय ताबा घेऊ नका. आम्हालाही ‘फर्निचरसाठी चावी घ्या’ म्हणून विचारणा झाली होती, आम्ही नाही घेतली. अग्निशमन दलाचा अंतिम दाखला आणि लिफ्टचा परवाना यांत वरच्या मजल्यांचं अडलं होतं.

आणि इथे मला आणखी एक घोर लागला. कर्ज २०१९-२० या आर्थिक वर्षातलं. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट हवी असेल, तर कर्ज घेतलं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं. नाहीतर मर्यादा ३० हजार. म्हणजे आमची शेवटची तारीख ३१ मार्च २०२५. बांधकामाच्या काळात भरलेलं व्याजही पूर्ण झाल्यानंतरच पाच समान हप्त्यांत धरता येतं, म्हणून बँकेची दर वर्षाची व्याजाची प्रमाणपत्रं जपून ठेवा.

पूर्ण इमारतीचा वापर परवाना २४ फेब्रुवारी २०२५ला आला. वाढवून दिलेल्या तारखेनंतरही जवळजवळ दोन महिने. ताबा रेंगाळला तर रेरा कायद्याच्या कलम १८प्रमाणे भरलेल्या रकमेवर व्याज मागता येतं, स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. आम्ही तक्ता करून पाठवला. पूर्ण नाही, पण शेवटच्या हप्त्यातून ९० हजार वळते झाले. महारेराकडे तक्रार करायची तर ५ हजार फी आणि पुढची वाट होती. त्या वेळी आमच्यात ती ताकद उरली नव्हती, हे खरं सांगते. ज्यांच्यात आहे त्यांनी जरूर करावी.

ताब्याच्या वेळी देखभालीचे १८ महिन्यांचे आगाऊ पैसे, गॅस आणि वीजमीटर जोडणी मिळून २ लाख १० हजार लागले. चावी घ्यायच्या आधी आम्ही चार तास घर तपासलं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार पाहिला. प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक केलं, पोकळ वाजेल ती खूण करून ठेवली. मोबाइलचा चार्जर घेऊन सगळे पॉइंट तपासले. १७ दोष निघाले, ते लिहून त्यावर सही घेतली. दुरुस्त होईपर्यंत घाई केली नाही, फक्त पाडवा गाठला. ३० मार्चला बाबा पहिल्यांदा वर आले, लिफ्टने, गुढीची काठी आडवी धरून. सासूबाईंनी कलश ठेवला. बाबा सरळ खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ कळव्याकडे बघत राहिले.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बैठकीच्या खिडकीच्या खालच्या कडेने पाणी आलं. खिडक्यांवर पाइपने पाणी मारून बघायचं राहून गेलं होतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष विनाखर्च दुरुस्त करून द्यायची जबाबदारी विकासकाची असते, म्हणून फोटो, तारीख आणि ईमेल. तीन आठवड्यांनी माणूस येऊन सील बदलून गेला. त्यानंतर पाणी आलेलं नाही.

आता सोसायटी स्थापनेची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी साडेदहाला पोडियमवर आहे. खालच्या मजल्यावरच्या एका काकांनी काल लिफ्टमध्ये बाबांना गाठून सांगितलं, ‘येताना ती वही घेऊन या.’ बाबांनी आज तिला नवीन खाकी कव्हर घातलंय.